हुडकी

३ जुलै २०२४, बुधवार

हुडकीचं नाव गिरिजाबाई होतं! गिरिजाबाई!

अठ्ठावन्न वर्षांची झाले मी, आणि सख्ख्या पणजीचं नाव आज कळलं. बदनापूरच्या संशोधन केंद्रात सगळी नोकरी तुरीच्या वाणांचे आई-बाप लिहिण्यात गेली. कुठला नर, कुठली मादी, झोपेतसुद्धा सांगेन. आणि घरच्या बाईचं नाव न्हाई!

गेल्ते राधेश्यामच्या कामाला. त्याच्या पोराला जातीचा दाखला पाहिजे, दाखल्याला निजामाच्या काळातला कागद पाहिजे, आणि ह्या माझ्या भावाला वेळ न्हाई. 'अक्का, तू रिटायर झालीस, तूच जाय.' सध्या सगळा जिल्हाच आपापले आजे-पणजे हुडकून राह्यलाय. जालन्याला रेकॉर्ड रूमबाहेर ही गर्दी! जुनी रजिस्टरं उर्दूत. उर्दू शाळेतले एक मोईन सर लोकांना वाचून देतात. आमचं गाव सांगितलं — देवखेडा. जमिनीच्या कागदात आजोबांचं, आमच्या आबांचं नाव निघालं, आप्पाराव. काम झालं. मी पिशवी उचलली तर सर दुसरंच रजिस्टर चाळून राह्यल्ते, जालना शहरातल्या मयतांचं. म्हणाले, 'थांबा बाई. तुमच्या गावची एक औरत इथं वारलेली दिसते.'

वाचून दाखवलं. गिरिजाबाई. बेवा, म्हणजे विधवा. राहणार देवखेडा. लडका आप्पाराव. साल फसली १३५०. सर म्हणाले, म्हणजे इंग्रजी एकेचाळीस. मरण्याची जागा — मकान सायरबाई बाहेती, जुना जालना.

आप्पारावची आई म्हणजे हुडकीच! दुसरी कोण?

घरात तिला कुणी नावानं बोललंच न्हाई कधी. हुडकी म्हातारी, बस. मोठ्या दुष्काळात नवरा मेला, ती दोन पोरं घेऊन जालन्याला अन्नासाठी गेली, आणि आडत बाजारच्या गर्दीत धाकटं पोरगं हरवलं. एकाला घेऊन परतली. त्यानंतर दर बाजारी ती जालन्याला जायची — पोराला हुडकायला. म्हातारी होईस्तोवर. मरेस्तोवर. गावातली पोरं मागं लागायची म्हणे, 'हुडकी, हुडकी, पोरगं कुठं?' माझे वडील, दादा, कधीमधी सांगायचे, आणि सांगताना हसायचे न्हाईत.

पण मारवाड्याच्या घरात कशी मेली ती?


४ जुलै

राधेश्यामला फोन केला. 'अक्का, आबांचं नाव निघालं ना? मंग बस की. म्हातारी कुठं का मरंना!'


७ जुलै, रविवार

जांबला जाऊन आले. आत्याबाईकडं. द्वारकाबाई, माझ्या वडलांची धाकटी बहीण. नव्वदी पार केली, कान गेले, पण डोकं बराबर चालतं. हुडकीला डोळ्यांनी पाह्यलेलं आता एवढंच एक माणूस उरलंय.

तिच्या कानात ओरडले, 'गिरिजाबाई!' म्हातारीनं माझं मनगट धरलं. मंग म्हणते, 'कुणाकून आईकलं?'

मी रजिस्टरचं सांगितलं. सायरबाईचं नाव घेतलं. तर म्हणाली, 'ती शेठाणी. मी पाह्यलीय तिला.'

मी जागच्या जागी सरळ बसले.

'एक डाव म्हातारीनं मला संगं नेल्तं. सात-आठ वर्साची आसंल मी. डोक्यावर ताकाचं मडकं. मला वाटलं, आता ही बाजारात पोरगं हुडकंल. लोकायला इचारंल. तिनं कुनालाच काही इचारलं न्हाई! सरळ एका वाड्याच्या मागल्या दारी गेली. शेठाणी भाईर आली, सोन्यानं मढलेली बाई, आन म्हातारीजवळ भुईवर बसली. भुईवर! मला लाडू देल्ला. मंग आतून एक मानूस आला. उंच. पागोटं. उभ्यानं तांब्याभर ताक पेला. म्हातारी त्याच्या गळ्याकडं बघत व्हती. एक-एक घोट खाली जाताना बघत व्हती.'

'मंग?'

'मंग काय! रिकामं मडकं घेऊन आलोत. वाटंनं वव्या म्हनत आली. म्या इचारलं, तुजं पोरगं सापडलं का? तर म्हने, चाल बाई, जल्दी चाल, ऊन व्हतंय.'

परतीची बस धरली. मनात आलं ते मनातच ठेवलं. अजून लिहीत न्हाई.


१२ जुलै

जुना जालना. सायरबाईचं घर कुणाला ठाऊक न्हाई. कसं असणार! एका धान्याच्या दुकानात एक म्हातारे शेठजी माळ ओढत बसल्ते. त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, 'सायरबाई म्हणजे हुकमचंदजींची माँ. पुढं कपड्याचं दुकान आहे, वर घर.'

दुकानात मयंक नावाचा तरुण मालक. मी 'तुमच्या घराण्याची माहिती' म्हणाले तर हसला, 'मम्मीला विचारा.' वर पाठवलं.

चंचलबाई. माझ्याच वयाच्या, दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. हुकमचंदजी त्यांच्या नवऱ्याचे आजोबा. बसवलं, पाणी दिलं, पापड तळायला सांगितला. मी देवखेड्याचं नाव घेतलं. मंग गिरिजाबाईचं.

त्यांच्या हातातला पेला खाली आला. हळूच. टेकवला.

'आज नको ताई,' म्हणाल्या. 'आज मयंकचे पापा घरी आहेत.'

पापड आला, मी खाल्ला. दोघी हवापाण्यावर बोललो. निघताना जिन्यात मागं आल्या. माझा नंबर घेतला. मोबाइलवर नाव टाकताना विचारलं, 'तुम्ही तिच्या कोण?'

'पणती.'

त्यांनी माझ्याकडं असं पाह्यलं — सांगता येत न्हाई. देवळात पाहतात तसं.


१९ जुलै

फोन न्हाई. ह्यांना म्हणाले, मी आगाऊपणा केला का? हे म्हणाले, 'तुरीला उगवायला दिवस लागतात, तुला कळत न्हाई का?'


२६ जुलै, शुक्रवार

आज त्या आल्या. फोन न करता, एकट्या, रेल्वेनं! बदनापूरच्या स्टेशनवरून ऑटो केला, पत्ता विचारत आल्या. ह्यांनी चहा टाकला आणि शहाण्या माणसासारखे बाहेर निघून गेले.

चंचलभाभी म्हणाल्या (आता भाभीच म्हणायचं ठरलं), 'ताई, ही गोष्ट आमच्या घरात फक्त बींदण्यांना माहीत आहे. सुनांना. सायरबाईंनी त्यांच्या सुनेला सांगितली, तिनं माझ्या सासूबाईंना, सासूबाईंनी जाताना मला. मर्दांना माहीत नाही. मयंकच्या पापांना पण नाही. मी कुणाला सांगायची? माझी सून कनिका अजून नवी आहे. आणि तुम्ही दारात उभ्या! मला वाटलं, तीच आली.'

मंग सांगितलं. जमेल तसं उतरवून ठेवते. भाभी मधेच मारवाडीत जायच्या, मधेच रडायच्या.

दुष्काळात खेड्यापाड्यातून माणसं जालन्यात लोटली. बाहेत्यांच्या दारात रोज भरड शिजवून वाढायचे. वाढायला स्वतः सायरबाई. लग्नाला कितीक वर्षं झाल्ती, मूल न्हाई. गिरिजाबाई रांगेत यायची, मोठ्याचं बोट धरून, धाकटा कडेवर. पहिल्यांदा धाकटा रडायचा. मंग रडायचा बंद झाला. रडायला अंगात जोरच न्हवता.

एक दिवस गिरिजाबाईनं द्रोण पुढं केलाच न्हाई. पोरगंच पुढं केलं. म्हणाली, 'माझ्याकडं दोघं जगत न्हाईत बाई. ह्याला तुम्ही जगवा.'

सायरबाईनं घेतलं. घेतल्यावर म्हणाली, 'उद्या परत मागशील.'

'न्हाई मागणार.'

'सगळ्यांना सांगशील.'

'न्हाई सांगणार. हरवलं म्हणीन. फक्त मला बघू द्या.'

एवढंच. सायरबाईनं एक पोतं जवारी बैलगाडीत घालून दिली. गिरिजाबाई नको म्हणाली तर तिनं आबांकडं बोट दाखवलं — 'ह्याच्यासाठी घेऊन जा.'

म्हणजे हरवलंच न्हवतं पोरगं! कधीच न्हाई! गावानं हुडकी म्हटलं, पोरांनी दगड मारले, 'एक पोरगं सांभाळता आलं न्हाई' म्हणून जावांनी टोचलं, आणि ती ऐकत राह्यली. एक शब्द बोलली असती तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. बोलली न्हाई. दर बाजारी मडकं डोक्यावर घेतलं आणि गेली. मागल्या दारी बसायची. लेक रांगताना पाह्यला, पाटी घेऊन शाळेत जाताना पाह्यला. त्याची वरात पाह्यली — लोकांच्या गर्दीत उभी राहून. चाळीस वर्षं! आणि त्याच्यासाठी ती कोण? ताकवाली.

मी विचारलं, 'त्यांना कधी कळलं न्हाई?'

'कसं कळणार? दादोसांना, म्हणजे हुकमचंदजींना, कुणी सांगितलंच नाही,' भाभी म्हणाल्या.

शेवटच्या दिवशीसुद्धा मडकं घेऊनच आली होती. दारात चक्कर आली. सायरबाईनं आत नेलं, आपल्या खोलीत, आपल्या पलंगावर. घरातले म्हणाले, गावाकडं निरोप धाडा, गाडीत घाला. सायरबाई म्हणाली, 'ती कुठं जाणार नाही. माझ्या घरची आहे.' तिच्या मांडीवर जीव सोडला. म्हणून त्या रजिस्टरात तिचं घर!

एक गोष्ट भाभींनी सगळ्यात शेवटी सांगितली. पदर तोंडाला लावून. मरायच्या आधी सायरबाई आपल्या सुनेला म्हणाली होती — 'मी त्या दिवशी तिला म्हणू शकले असते, दोन्ही पोरं घेऊन इथंच राहा. आमच्या कोठारात काय कमी होतं? नाही म्हणाले. मला तो पाहिजे होता, बींदणी. मला तो पाहिजे होता.'

तेव्हापासून बाहेत्यांच्या घरात कुठलंही लग्न असो, वरात निघायच्या आधी देवघरात एक लुगडं मांडतात. शालू न्हाई, जरीचं न्हाई. साधं, नऊवारी, इकडच्या बाया नेसतात तसं. आणि तांब्याभर ताक. गेल्या हिवाळ्यात मयंकच्या लग्नातही मांडलं. कुणी विचारलं तर सांगायचं, घरचा रिवाज आहे.

जाताना भाभी माझ्या पाया पडायला वाकल्या. मी धरलं त्यांना. वयानं मोठ्या त्या! दोघीही दारात तशाच उभ्या, कुणी कुणाच्या पाया पडायचं ते कळेना.


२७ जुलै

भाकरी थापताना हात थांबला. ती जवारी आबांनी खाल्ली. आबा जगले. मंग दादा, आत्याबाई, मंग मी, राधेश्याम, आमची पोरं. आम्ही सगळे त्या एका पोत्यातून निघालेलो.

माझा एकुलता एक पुण्यात असतो. चार दिवस फोन आला न्हाई तर मी ह्यांच्याशी भांडते. आणि ती — हाताच्या अंतरावर लेक, तांब्या त्याच्या ओठाला, आणि हिनं 'बाळा' म्हणायचं न्हाई!

कशाची बनली होती बाई ही?


१ ऑगस्ट

राधेश्याम आला होता. सांगितलं सगळं. सांगायला नको होतं की काय!

'म्हणजे पोरगं देऊन जवारी आणली! विकलं म्हण की सरळ!'

'विकलं न्हाई. जगवलं.'

'अक्का, गाव असं म्हणंल का? गाव म्हणंल पोत्यावर पोरगं विकलं. आज माझ्या पोराचा दाखला, उद्या सोयरीक. कुठं बोलू नको.' मंग उठता उठता, 'आणि पुरावा काय? बायांनी बायांना सांगितलेली गोष्ट. कागद आहे का? शेठ लोक आपल्याला कशाला पूर्वज करतील?'

मी म्हणाले, 'त्यांना काय फायदा रे हे सांगण्यात? उलट त्यांचंच घर हलतंय.'

चहा न पिता गेला. माझाच भाऊ, पण मला वाईट वाटलं ते त्याच्यासाठी न्हाई, तिच्यासाठी. मेल्यावर ऐंशी वर्षांनीसुद्धा तिनं ऐकूनच घ्यायचं!


११ ऑगस्ट, रविवार

परत जांब. समर्थांच्या देवळात नारळ फोडला आणि आत्याबाईकडं गेले. खाटेवर तिच्या शेजारी बसून, कानाशी तोंड नेऊन, एक-एक वाक्य सांगितलं. शेजारच्या घरी सगळं ऐकू गेलं असंल, जाऊ दे.

आत्याबाई रडली न्हाई. खाटेवरून पाय खाली सोडले. मंग म्हणाली —

'आगं, मंग ती हुडकत न्हवती. ती बघाया जात व्हती.'

थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, 'बघाया जात व्हती माय.' आणि हसली! दात नसलेलं, उघडं हसू. मी तिला इतकं हसताना कधी पाह्यलं न्हाई.

निघताना माझा हात घट्ट धरला. 'तिला पानी द्या. नाशकाला जाऊन द्या. नाव घेऊन द्या आता. हुडकी म्हनून नका देऊ.'


५ सप्टेंबर

नाशिकला फोन लावला. आमच्या भागातली गावं ज्यांच्याकडं आहेत ते गुरुजी मिळाले. देवखेड्याची जुनी नामावळी आहे म्हणाले, म्हणजे गावातून कोण कधी नाशकाला आलं, कुणाचं काय केलं, ते पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं असतं. 'सर्वपित्रीला या. पाहून ठेवतो.'

भाभींना सांगितलं. सर्वपित्री कधी ते त्यांनी विचारून घेतलं. मंग, 'मी पण येते.'

'घरी काय सांगाल?'

'खरं सांगेन.'


१५ सप्टेंबर

भाभींचा फोन. सांगितलं नवऱ्याला. ते जेवता जेवता उठून गेले. दोन दिवस बोलले न्हाईत. मंग काल दुकानातून वर आले, आणि विचारलं एवढंच — 'देवखेडा किती लांब आहे?'

मी फोन ठेवल्यावर ह्यांच्यासमोर हमसून रडले. आनंदाचं की कशाचं, कुणास ठाऊक.


२८ सप्टेंबर

राधेश्याम दारात. इकडं बघंना, तिकडं बघंना. 'नाशकाला बसनं कशाला जाता दोघी? मी गाडी काढतो. आणि पाणी द्यायला घरातला पुरुष नको का?'

मी म्हणाले, 'कागद न्हाई बरं का माझ्याकडं.'

'राहू दे गं अक्का.' आणि मंग जोडे घालता घालता, 'आत्याबाईनं बोलावून घेतल्तं मला. लई शिव्या देल्ल्या.'


२ ऑक्टोबर, सर्वपित्री. नाशिक

राधेश्यामनं पाणी दिलं. नाव घेऊन. मंग गुरुजींनी नामावळी उघडली — देवखेडा, शके अठराशे त्रेसष्ट, म्हणजे तेच एकेचाळीस. 'मातोश्री गिरिजाबाई यांच्या अस्थी घेऊन दोघे पुत्र आले. आप्पाराव व हुकमचंद. सख्खे बंधू.'

दोघे! आबांना माहीत होतं. हुकमचंदजींना माहीत होतं.

खाली आबांची निशाणी, नांगर. गुरुजी म्हणाले, लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगर काढायचा. शेजारी हुकमचंदजींची सही असायला पाहिजे. भाभी म्हणाल्या, 'दादोसांचं अक्षर मोत्यासारखं होतं. सगळा बाजार नाव काढायचा.'

सही न्हाई. त्यांनीही नांगरच काढलाय. जरासा वाकडा — हात न बसलेला.